डॅरेलची तीन पिंपं

"साबणाचं पाणीसुद्धा ह्याच्यापेक्षा जास्त वेळ फेस धरतं," ऑरव्हिल ग्लासात बघत पुटपुटला. मग शेजारी उभ्या असलेल्या रेनेला ऐकू गेलं असणार असं लक्षात येऊन त्याने घाईघाईने एक मोठा घोट घेतला.

रेनेला ऐकू गेलं होतं. तिने भाजलेल्या सॉसेजचा, ब्राटवर्स्टचा, ट्रे त्याच्यापुढे धरला. ऑरव्हिलने एक उचललं आणि तोंड भरलेलं असताना बोलायला लागत नाही ह्याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं.

ऑक्टोबरातला शनिवार होता. गॅरेजचं दार अर्धं वर ओढलेलं होतं आणि खालून तळ्यावरचा वारा पायांना झोंबत होता. डॅरेलचा, रेनेच्या नवऱ्याचा, वाढदिवस ह्याच आठवड्यात यायचा. तो गेल्यापासून त्याच्या वाढदिवसाच्या शनिवारी त्याचे वडील लीलँड आणि ब्रुअरीतले त्यांचे जुने सोबती रेनेच्या गॅरेजमध्ये जमायचे आणि डॅरेलच्या पिंपांत डॅरेलची बिअर करायचे. सोबती म्हणजे आता एकटा ऑरव्हिलच उरला होता. बाकीचे कोणी फ्लोरिडाला गेले होते, कोणी त्याहून लांब. नवी बिअर चुलीवर चढली की उन्हाळ्यातल्या खेपेची जुनी उघडायची, डॅरेलच्या नावाने ग्लास उंच करायचा आणि मग फेसाबद्दल बोलायचं. फेसाबद्दल ही माणसं किती बोलू शकतात ह्याचं रेनेला आता नवल वाटेनासं झालं होतं.

तीन पिंपं लोखंडी घोडीवर तीन पायऱ्यांत बसवलेली होती. वरच्यात पाणी तापायचं, मधल्यात भरडलेलं जव भिजायचं आणि खालच्यात त्याचा गोड काढा हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचा. तळ्याकाठची ब्रुअरी बंद पडली तेव्हा मालकांनी कामगारांना हात हलवत घरी पाठवायला नको म्हणून रिकामी पिंपं नेऊ दिली होती. बऱ्याच जणांनी ती तशीच अंगणात उभी केली, त्यांच्यावर बसून तंबाखू थुंकायला. लीलँड मात्र ब्रुअरीत वेल्डिंग करणारा माणूस. त्याने तीन पिंपांच्या माथ्यांवर ग्राइंडर फिरवून गोल झाकणं कापून काढली, कडा कानशीने अशा घासल्या की आतून तळहात फिरवावा तर कुठे खरचटू नये, आणि तळाशी भोक पाडून एकेक तोटी जोडली. मानेच्या कड्यावर ब्रुअरीचं नाव उठवलेलं होतं ते त्याने राहू दिलं. हे सगळं त्याने थोरल्या मुलाच्या लग्नासाठी केलं. रेनेच्या आईने त्या लग्नात चिनी मातीचा अख्खा सेट दिला होता. पण टाळ्या पडल्या त्या पिंपांना.

त्या पिंपांची बिअर चांगली व्हायची हे रेनेही नाकारत नसे. ती स्वतः बिअर पीत नव्हती, पण ग्लासावर बोटभर फेस उभा राहिलेला बघायला तिला आवडायचं. डॅरेल ग्लास उजेडात धरून तिला हाक मारायचा, "ये, बघ, टोपी घालून आलाय," आणि ती ओले हात पुसत बाहेर यायची. तेव्हा बिअर शनिवारी असायची. मग ती शुक्रवारीही व्हायला लागली. मग वार कोणी मोजेना.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चचं बूयाचं भांडं फुटकं निघालं. ह्या भागात माणूस जन्मला, लग्नाला उभा राहिला किंवा मेला की अंगणात मोठ्या भांड्यात बूया शिजतो, कोंबडी, गोमांस, कोबी, गाजर, जे असेल ते, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि पुरुष वल्ह्याएवढ्या दांड्याने ते ढवळत बसतात. पाहुणे दोनशेच्या घरात, भांडं नाही, आणि सगळे रेनेच्या तोंडाकडे बघत उभे. तिने गॅरेजचं दार वर केलं आणि उकळायचं पिंप घोडीवरून काढून त्यांच्या हवाली केलं. बिअरच्या भांड्यात चरबी घालायची नाही हे ह्या लोकांत बाप्तिस्म्यासारखं पाळतात, कारण चरबीचा एक थेंब फेसाला मारतो. पण त्या दिवशी तिला ते आठवलं नाही, की आठवूनही पर्वा वाटली नाही, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. तिने नवरा पुरला त्याबद्दल तिला कोणी कधी काही विचारलं नाही. पिंपात कोंबडी शिजवली त्याबद्दल मात्र अजून विचारतात.

त्यानंतरच्या पहिल्याच बिअरला फेस आला नाही. म्हणजे ओतताना यायचा, आणि ग्लास तोंडाशी नेईपर्यंत विरायचा. लीलँडने पिंप सोड्याने उकळलं, तोटीतून कढत पाणी सोडलं, मग ॲसिड लावून आतले सांधे घासले. पुढच्या खेपेलाही तेच. मग जव बदललं, पाणी बदललं, ग्लास कशाने धुतेस म्हणून रेनेची चौकशी झाली. ऑरव्हिलचं म्हणणं, कोंबडी म्हातारी असणार, म्हाताऱ्या कोंबडीची चरबी चिवट. ह्यावर दोघे म्हातारे एक अख्खी संध्याकाळ भांडले होते.

रेनेला वाटायचं, बोलू देत. फेसाबद्दल बोलता येतं.

कारण दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणी एक अवाक्षर काढत नव्हतं. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातमीत 'अल्पशा आजारानंतर' असं होतं. ते रेनेने आणि सासूने, व्हर्नाने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिलं होतं, आणि 'अल्पशा' ह्या शब्दाशी दोघीही थोडा वेळ थांबल्या होत्या. पाद्रीबाबांनी डॅरेलच्या मोठ्या मनाबद्दल सांगितलं. शेजाऱ्यांनी त्याच्या हाताच्या चवीबद्दल. डॉक्टर मात्र सरळ बोलले होते, पण ते बोलले तेव्हा खोलीत फक्त ह्या दोघी होत्या. लीलँड खाली गाडी लावायला जागा शोधत होता. तो वर आला, टोपी हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "काय म्हणाले?" रेनेने त्याच्या हातांकडे पाहिलं. ठिणग्यांचे पांढरे ठिपके असलेले ते हात. ज्या हातांनी पिंपं केली त्यांना हे कसं सांगायचं? मग तिच्या तोंडून जे पहिलं आलं ते असं, की रक्तात लोह साठण्याचा एक आजार असतो पा, त्याने यकृत जातं. हा आजार तिच्या चुलत्याला होता, म्हणून नाव पटकन सुचलं. व्हर्ना शेजारीच होती. तिने मान हलवली आणि खोटं दोघींचं झालं.

सुटलो असं रेनेला वाटलं होतं. लीलँड सरळ माणूस, सांगितलेलं ऐकणारा. पण तो तितकाच चिकाटीचा कारागीरही होता. त्याने कुठेतरी वाचलं की हा आजार घराण्यातून येतो, म्हणून स्वतःचं रक्त तपासून आणलं. त्यात लोह ठीक निघालं. व्हर्नाचंही ठीक. धाकट्या ड्वेनने माझंही ठीक आहे म्हणून सांगितलं, जरी तो तपासायला गेलाच नव्हता. त्यानंतर लीलँडने आजाराचा विषय काढला नाही. फक्त एकदा, मागल्या हिवाळ्यात, रेनेच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ काढून झाल्यावर तो फावड्यावर रेलून उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "स्टेनलेसमधून लोह उतरत नाही म्हणतात. पण सांधा नीट बसला नसेल तर तिथे गंज धरतो. आतल्या बाजूने. बाहेरून दिसत नाही."

रेने काय म्हणाली ते तिला आठवत नाही. बहुधा, आत या, कॉफी झालीय, असंच. आत येऊन त्याने कॉफी घेतली आणि गॅरेजमध्ये जाऊन विजेरी लावून पिंपात डोकं घातलं. दाराच्या फटीतून तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. त्या दिवशी तिला कळलं की तो फेस शोधत नाहीये.

आणि आता ड्वेन.

ड्वेन डॅरेलपेक्षा सहा वर्षांनी लहान, क्रेनच्या कारखान्यात कामाला. सध्या पाठीच्या दुखण्यामुळे घरी बसला होता. पाठीचं दुखणं असं घरात म्हणायचं ठरलं होतं. त्याची बायको मिसी बहिणीला मदत करायला ग्रीन बे शहराला गेली होती. ती ईस्टरच्या आधी गेली होती आणि बहिणीचं काम अजून संपलं नव्हतं. आज ड्वेन गॅरेजच्या कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसला होता. बुटांच्या नाड्या सोडलेल्या. डोळ्यांवर शिकारीचा पिवळ्या काचांचा चष्मा. हरणांचा मोसम सुरू व्हायला अजून कितीतरी आठवडे होते. सकाळी आला तेव्हा त्याने कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला होता. पहिला ग्लास झाल्यावर एका हाताने धरायला लागला. रेनेने हे सगळं एकदा आधी पाहिलेलं होतं, ह्याच गॅरेजमध्ये, ह्याच क्रमाने. नाड्या का सोडतात हे ह्या घरात तिच्याएवढं कोणाला माहीत असणार? पाय बुटात मावेनासे होतात म्हणून.

लीलँडने मागल्या आठवड्यात फोन केला होता. घोडी आणि पिंपं आता ड्वेनला द्यावीत असं त्याच्या मनात आलं होतं. पोरगा एकटा पडलाय, हाताला काही काम असलं तर बरा होईल, भावाची वस्तू भावाकडे जाईल. त्याच्या आवाजात इतकी माया होती की रेनेने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, पा, मला त्यात जिरेनियम लावायची होती. लीलँड मनापासून हसला. त्याच्या वेल्डिंगमध्ये फुलं. मग म्हणाला, शनिवारी आम्ही येतो, ट्रक घेऊन.

म्हणून आज चुलीवर काही चढलंच नव्हतं. बाहेर ट्रक मागचं फळकं पाडून उभा होता. फक्त जुनी बिअर उघडली होती, आणि ऑरव्हिल फेसावर कुरकुरला होता.

"ऐकलं मी," लीलँड घोडीमागून म्हणाला. तो गुडघ्यावर बसून बोल्ट सैल करत होता. "साबण म्हणे. तुझ्या बायकोने जन्मभर तुला दिलं ते काय होतं?"

"ती निदान फेस तरी करायची," ऑरव्हिल म्हणाला. "तोटी खोललीस का कधी? बाहेरून कितीही धू. पोटात काय आहे बघितलंस का?"

तोटी खोलायची गरज पडू नये अशीच ती बसवलीय, हे लीलँडचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. तीस-पस्तीस वर्षं ब्रुअरीत त्याने बसवलेली एकही तोटी गळली नव्हती. ऑरव्हिल ते ऐकायच्या तयारीत भिंतीला टेकला.  पण लीलँडने खालच्या पिंपाच्या तोटीवरून अंगठा फिरवला, जिथे ती पत्र्याला जोडलेली होती तिथे, आणि म्हणाला की खरंय. ड्वेनकडे जायच्या आधी एकदा सगळं उघडून बघायलाच हवं. दुसऱ्या मुलाला तो असंच उचलून देणार नाही.

दुसऱ्या मुलाला, असं तो म्हणाला. ड्वेनने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तो ग्लासाच्या तळाशी बघत होता.

रेने आत गेली. व्हर्ना सिंकशी उभी राहून न खरकटलेली भांडी विसळत होती. ती आदल्या संध्याकाळीही येऊन गेली होती. बिअरच्या आदल्या दिवशी पिंपं ती स्वतः धुवायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, पुरुषांना धुणं म्हणजे पाणी दाखवणं वाटतं. आज बिअर करायची नव्हती तरी ती सवयीने आली होती. ती येऊन गेली की रेनेच्या फ्रिजमधली बटरची एखादी कांडी कमी व्हायची. रेनेने त्यावरून कधी विचारलं नव्हतं. म्हातारी कोलाचेला, तिच्या त्या गोड पावांना, नेत असेल. बटर संपलं की त्याचा कागद फेकायचा नाही, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्यानेच ट्रे पुसायचा, ही व्हर्नाची जुनी सवय होती. त्या कागदांचा वास तिच्या एप्रनला कायमचा लागला होता.

"मा," रेने म्हणाली, "पिंपं जाऊ द्यायची नाहीत मला."

व्हर्नाने नळ बंद केला. जिरेनियम लावणार आहेस ना, तिने विचारलं.

रेने म्हणाली, नाही, तुम्हाला माहीत आहे.

 खिडकीतून ट्रकचं पाडलेलं फळकं दिसत होतं. मग व्हर्नाने हात पुसले, सावकाश, एकेक बोट, आणि म्हणाली, "त्याला सांगितलंस तर तो ह्या हातांनी पुन्हा काही करणार नाही. मी पन्नास वर्षं त्याच्याबरोबर काढलीत. मला त्या हातांची भीती वाटते, रेने. रिकामे बसले तर."

"आणि ड्वेन?"

व्हर्नाने पुसलेले हात परत पुसले. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की रेनेला वाटलं, हिने ह्याचा विचार आपल्या आधी केलाय, आणि काहीतरी करूनही पाहिलंय. पण काय, ते तिला तेव्हा कळलं नाही.

गॅरेजमध्ये परत आल्यावर तिने एक प्रयत्न केला. पा, राहू द्या इथेच, म्हणाली. मी ठरवलंय, मला ठेवायची आहेत.

लीलँड पाना हातात घेऊन वर बघायला लागला. तो चिडला नाही, त्याला खरंच समजलं नाही. तू तर पीत नाहीस बाळा, तो म्हणाला. ऑरव्हिलने मध्ये तोंड घालून सुचवलं की ठेवू दे तिला, परत बूया करेल.  ड्वेन हसायला गेला आणि खोकला. रेनेच्या गळ्यापर्यंत सगळं आलं होतं, आणि लीलँडच्या टकलावर ग्राइंडरने पडलेला जुना डाग बघून ते परत खाली गेलं. ती म्हणाली, आठवण म्हणून हवीत. हेही खोटंच. त्या पिंपांत तिची एकही आठवण अशी नव्हती जी तिला घरात हवी होती.

"आठवण भावाकडे जास्त चांगली राहील," लीलँड म्हणाला. तो प्रेमानेच म्हणाला, आणि पाना फिरवला.

तोटीचे तीन भाग असतात, बाजूचे दोन आणि मधे भोक असलेला गोळा. बोल्ट कित्येक वर्षं फिरले नव्हते. लीलँडने त्यांना हातोडीने हळूच टकटक केलं, तेल सोडलं, वाट पाहिली. ऑरव्हिल जवळ सरकला. व्हर्ना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, एप्रन घातलेला, दोन्ही हात खिशांत. शेवटचा बोल्ट निघाला आणि मधला भाग लीलँडच्या तळहातावर पडला.

तो त्याने उजेडात धरला. मग नाकाशी नेला.

गोळ्याभोवती पांढरट पिवळं काहीतरी गच्च बसलेलं होतं. ऑरव्हिल जिंकल्यासारखा म्हणाला, "बघ. कोंबडी. मी म्हणत नव्हतो?"

"कोंबडी नाही," लीलँड म्हणाला.

त्याने नखाने थोडं खरवडलं. मऊ होतं, ताजं. दोन वर्षांपूर्वीची चरबी इतक्या उकळ्यांतून अशी मऊ राहत नाही, हे त्याला सांगायची गरज नव्हती, ऑरव्हिललाही कळलं. खरवडलेल्यात कागदाचा एक तुकडा चिकटून आला, नखाएवढा, मेणचट, त्याच्यावर निळ्या अक्षराचं एक टोक. लीलँडने तो बोटावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. ह्या कागदाने त्याच्या घरात पन्नास वर्षं ट्रे पुसले जात होते.

मग त्याने दाराकडे पाहिलं.

व्हर्नाने खिशातून हात काढले. "मी लावलं," ती म्हणाली.

ऑरव्हिलने ग्लास घोडीच्या कडेवर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज नको इतका मोठा आला.

"बटर?" लीलँड म्हणाला. "तोटीत?"

तोटीत. आणि आतून, कडेने, बोटाने, व्हर्नाने सांगितलं. दर वेळी, पिंप धुवून झाल्यावर. कोंबडीची चरबी तर पहिल्याच उकळीत निघून गेली होती, तिने स्वतः बघितलं होतं. पण सगळे कोंबडी कोंबडी करत होते, म्हणून तिला सुचलं.

"कशाला पण, व्हर्ना?"

"बिघडली तर सोडाल असं वाटलं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीत मीठ जास्त झालंय सांगावं तसा. "फेस नाही, चव नाही, कंटाळून सोडाल. पण तुम्ही बिघडलेलीच प्यालात. सगळी. दर वेळी."

 खालच्या फटीतून वारा आला आणि ड्वेनच्या सोडलेल्या नाड्या हलल्या.

लीलँड जमिनीवर खाली बसला, गुडघ्यावरून सरळ बूड टेकून. तो तोटीकडे बघत होता. ती उघडी होती आणि सांधा आतून दिसत होता, नव्या नाण्यासारखा चकचकीत, गंजाचा मागमूस नाही. त्याने त्याच्यात करंगळी घालून फिरवली. "मला वाटलं इथून उतरतंय," तो हळू म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. "घराण्यात नाही. म्हणजे बाहेरून आलं असणार. बाहेरून म्हणजे ह्याच्यातूनच ना? त्याने दुसरं काय तोंडाला लावलं? मी दोन वर्षं ॲसिडने घासतोय. रात्री झोपलो की तोच सांधा दिसतो."

ऑरव्हिलने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याला ही लोहाची गोष्ट माहीत होती. तिच्यामागे खरं काय होतं हेही त्याला माहीत होतं, जसं सगळ्या गावाला माहीत होतं. त्याने अंत्यविधीला डॅरेलचा पिवळा चेहरा पाहिला होता, मेकअपच्या खालून.

रेनेने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नाचे डोळे मिटलेले होते. एक म्हातारी दोन वर्षं चोरून बटर फासत होती आणि एक म्हातारा दोन वर्षं चोरून गंज शोधत होता, ह्याच एका भांड्यात, आणि दोघांच्या मधे आपण ब्राटवर्स्टचा ट्रे फिरवत उभ्या होतो.

"रेने."

ड्वेन बोलला होता. सकाळपासून तो पहिल्यांदाच आपण होऊन बोलला होता. त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. काचा निघाल्या तरी डोळ्यांतला पिवळेपणा गेला नाही. त्याने बुटाच्या आत, घोट्याशी, बोट दाबलं आणि काढलं. तिथे खड्डा पडला तो तसाच राहिला. तो खड्ड्याकडे बघत होता, दुसऱ्या कोणाचा पाय असावा तसा.

"डॅरेलचेही आधी पायच सुजले होते का?"

लीलँडने मान वर केली. तो धाकट्या मुलाच्या पायाकडे बघायला लागला, मग त्याच्या डोळ्यांकडे. रेनेला वाटलं, आता जर मी कॉफी म्हणाले तर हे सगळे कॉफी घेतील. ऑरव्हिल जिरेनियमवरून काहीतरी बोलेल, बोल्ट परत बसतील, आणि ट्रक जाईल.

ती ड्वेनसमोर उकिडवी बसली.

"हो," ती म्हणाली. "आधी पाय. मग डोळे. त्यानेही हाच चष्मा घालायला सुरुवात केली होती, तुझ्याकडून मागून नेला होता, आठवतं? मग जेवण सुटलं. शेवटी इथे, ह्या घोडीपाशी, रक्ताची उलटी झाली आणि मी पाइप लावून जमीन धुतली, तुम्ही यायच्या आधी. ही पिंपं तू नेऊ नकोस, ड्वेन. मी देणार नाही."

मग ती सासऱ्याकडे वळली. त्याच्या हातात तोटीचा गोळा अजून होता. तिने ते दोन्ही हात, बटरसकट, आपल्या हातांत धरले.

"त्याला लोहाचा आजार नव्हता, पा. ते मी सांगितलेलं खोटं होतं. तुमचा एकही सांधा खराब नव्हता. डॅरेल पिऊन पिऊन मेला."